सोबती पुढे जात नाही

वामनराव मास्तरांचे माझ्यावर जेवढे ऋण आहे तेवढे कोणाचेच नाही. सबलगडच्या शाळेत त्यांनी मला भूमिती शिकवली, इंग्रजी शिकवले, शाई न सांडता टाक कसा धरायचा तेही शिकवले. मी आज बी. ए. आहे. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की हा मुलगा उपकार विसरला. विसरलेलो नाही. एकही नाही.

आता वर्गाचे सांगतो.

लष्कर शहरातले कॉलेज. इंटरचे पहिले वर्ष. इतिहासाचा तास. प्रोफेसरांनी भैयासाहेबांना आदल्या दिवशीच्या धड्यावर प्रश्न विचारला. भैयासाहेब म्हणजे आमच्या सरदारांचे चिरंजीव. ते खिडकीबाहेर बघत होते. प्रोफेसरांनी प्रश्न पुन्हा विचारला. भैयासाहेब वळले, हसले, आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

प्रोफेसरांचा नियम होता. उत्तर आले नाही तर तास संपेपर्यंत उभे राहायचे. वर्गातल्या सगळ्यांनी ती शिक्षा कधी ना कधी भोगली होती. पण सरदारांच्या मुलाला उभे कोण करणार? प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. मग मागच्या बाकाकडे बघून म्हणाले,

"सोबती, तुम खड़े हो जाओ."

मी उभा राहिलो.

वर्ग हसला. मोठ्याने नाही. भल्या घरची मुले हसतात तसा.

मला उत्तर येत होते. पहिल्याच महिन्यात एकदा असाच उभा असताना मी ते सांगून टाकले होते. तेव्हा प्रोफेसर म्हणाले होते, "तुमसे किसने पूछा?" त्यानंतर मी कधी सांगितले नाही. उत्तर तोंडात धरून तासभर उभा राहायचो.

बाहेर पडताना भैयासाहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "थकून तर नाही गेलास ना यार? पण तुझे पाय मजबूत आहेत हं. बापाचेच आहेत ना. घोड्यामागे पळणारे."

ते रागाने बोलले नव्हते. त्यांना खरेच माझ्या पायांचे कौतुक वाटत होते.

माझे वडील सरदारांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करणे, चारा घालणे, स्वारी निघाली की लगाम धरून बरोबर पळणे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आमचे पूर्वज आणि सरदारांचे पूर्वज दक्षिणेतून एकाच फौजेबरोबर आले. ते घोड्यावर बसून आले, आमचे घोडा धरून आले. तेव्हापासून तेच चालू होते. सबलगडजवळ सरदारांची जहागीर होती आणि तिथल्या पागेतच आम्ही राहत असू. आई मी लहान असतानाच गेली.

मी मॅट्रिक झालो तेव्हा वामनराव मास्तरांनी मला सरदारांपुढे नेले. मास्तर एवढे आनंदात होते की वाटेत दोनदा त्यांची चप्पल निसटली. सरदारांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. भैयासाहेबांना त्याच वर्षी कॉलेजात घालायचे होते आणि त्यांना सोबती हवा होता. मोठ्या घरांत अशी रीतच होती. मुलगा एकटा शिकायला जात नाही. बरोबर नोकरांपैकी कोणाचा तरी मुलगा जातो. पुस्तके उचलतो, धडे उतरवून देतो, आणि मुलगा चुकला तर गुरुजी त्या सोबत्याला मारतात. लहानपणी घरी शिकताना भैयासाहेबांचा सोबती दुसराच कोणी होता. त्याच्या हातावर वळ असत, असे स्वयंपाकघरातल्या बाया सांगत. कॉलेजात छडी नव्हती. म्हणून उभे राहणे आले.

मला कोणी नावाने हाक मारत नसे. सरदारांच्या शहरातल्या वाड्यात, म्हणजे कोठीत नाही, कॉलेजात नाही. सोबती. बस्स.

लष्करमधल्या माधवगंजात ही कोठी होती. तिथे खोगिरे ठेवायच्या खोलीत मी झोपायचो. अंगाला कातड्याचा आणि तेलाचा वास यायचा. सकाळी भैयासाहेबांची पुस्तके, छत्री आणि पानाचा डबा घेऊन मी त्यांच्या टांग्यामागून चालत कॉलेजात जायचो. प्रत्येक तासाचे लिखाण दोनदा करायचो. एक माझे, घाईचे. एक त्यांचे, सुवाच्य, मथळ्याखाली लाल रेघ मारलेले. ते आले नाहीत तर त्यांची हजेरीही मीच द्यायचो. त्यांची जाड आवाजात, माझी बारीक आवाजात. प्रोफेसरांना कळत होते. दोन्ही आवाज ते लिहून घेत.

मला गणित हवे होते. सबलगडला मास्तर म्हणायचे, "तुझं डोकं भूमितीचं आहे." पण भैयासाहेबांनी इतिहास आणि तर्कशास्त्र घेतले, कारण त्यात आकडे नव्हते. सोबत्याने वेगळ्या वर्गात बसून कसे चालेल? म्हणून मीही तेच घेतले. शेजारच्या खोलीत गणिताचा तास चालायचा. तो सुटला की मी आत शिरायचो. फळा अर्धा पुसलेला असायचा. जेवढे उरले असेल तेवढे उतरवून घ्यायचो आणि खोगिरांच्या खोलीत बसून गाळलेल्या ओळी स्वतः भरायचो. बहुतेक वेळा भरता यायच्या. त्या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढले.

परीक्षा झाली. मी वर्गात दुसरा आलो. भैयासाहेब नापास झाले.

सरदारांनी बोलावले. ते व्हरांड्यात बसले होते. समोर पाण्याच्या घंगाळात आंबे. बाजूला कारभारी उभे.

"पास झालास म्हणे."

"होय सरकार."

"कितवा?"

"दुसरा."

"आणि भैया राहिला." त्यांनी आंबा पिळला. "मग आता तू पुढं जाणार, तो मागं राहणार. त्याच्या सोबतीला कोण मग? मी जाऊ?"

कारभारी हसले. मी म्हणालो, "सरकार, माझं वर्ष..."

"वर्ष! अरे, सोबती पुढं जात नसतो. सोबत असतो म्हणून तर सोबती." एवढे बोलून त्यांनी घंगाळातून एक आंबा काढला आणि माझ्याकडे टाकला. "घे. पास झालास ना."

मी तो झेलला. मुजरा केला. मागे जाऊन खाल्लासुद्धा. गोड होता. हे लिहिताना मला आजही लाज वाटते, पण खाल्ला हे खरे आहे.

मला वाटले होते की बोलण्याचे बोलणे. जुलैमध्ये कॉलेज उघडले. फळ्यावर याद्या लागल्या. दुसऱ्या वर्षाच्या यादीत माझे नाव नव्हते. पहिल्या वर्षाच्या यादीत होते, भैयासाहेबांच्या नावाखाली. मी कचेरीत गेलो. तिथले बाबू पान खात होते.

"पालक की चिट्ठी आई है," ते म्हणाले. "लड़का कच्चा है, फिर से पहला साल करे."

"पण मी पास झालोय. दुसरा आलोय."

"तो पालक को बताओ, भैया. मुझे क्यों बता रहे हो?"

दोन दिवसांनी इतिहासाचा तास. तीच खोली, तेच प्रोफेसर, तोच धडा. गेल्या वर्षी ज्या ठिकाणी त्यांनी विनोद केला होता, त्याच ठिकाणी तोच विनोद केला. नवी मुले हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भैयासाहेबांना प्रश्न विचारला. गेल्या वर्षीचाच प्रश्न होता. भैयासाहेबांना तो याही वर्षी आला नाही.

"सोबती, खड़े हो जाओ."

मी बसून राहिलो.

आधी काही ठरवले नव्हते. रात्री जागून प्रतिज्ञा वगैरे केली नव्हती. माझ्या शरीराने ऐकले नाही, इतकेच. प्रोफेसरांना वाटले मला ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले. तेव्हा मी म्हणालो,

"मैं नहीं उठूँगा. सवाल मुझसे नहीं पूछा गया."

भैयासाहेब वळून बघू लागले. खरेच गोंधळले होते. हळूच म्हणाले, "अरे, उभा होऊन जा ना. तमाशा कशाला?"

"तुम्ही उभे राहा, भैयासाहेब."

यावर कोणी हसले नाही. प्रोफेसरांनी पुस्तक मिटले. त्यांनी दाराकडे बोट केले. मी माझी वही उचलली. भैयासाहेबांची पुस्तके, छत्री, पानाचा डबा, सगळे बाकावर तसेच ठेवले आणि बाहेर आलो. कचेरीत जाऊन म्हणालो, मला दाखला द्या. मला दुसऱ्या कॉलेजात जायचे आहे.

बाबूंनी माझा प्रवेशाचा अर्ज काढून पुढे सरकवला. पालकाच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे सरदारांचे नाव होते.

ते नाव कसे आले ते सांगतो. वर्षापूर्वी अर्ज भरायला मास्तर आणि आबा दोघेही लष्करला आले होते. पालकाचा रकाना आला तेव्हा मास्तरांनी आबांकडे पाहिले. आबा म्हणाले, "सरकारांचं नाव घाला. माझ्या नावाला तिथं कोण ओळखतं?" हे ते अभिमानाने म्हणाले. आपल्या मुलाच्या कागदावर सरदारांचे नाव येणार म्हणून छाती फुगवून म्हणाले. मास्तरांनी त्यांच्या सुंदर अक्षरात ते नाव लिहिले. मीही तिथेच होतो. मलाही ते फार छान दिसले होते.

"पालक की दरख़्वास्त लाओ," बाबू म्हणाले, "तब दाखला मिलेगा."

मी त्याच दिवशी छोट्या रेल्वेने सबलगडला गेलो. ती गाडी इतकी हळू चालते की माणूस उतरून पुन्हा चढू शकतो. आधी मास्तरांकडे गेलो. माझी खात्री होती की मास्तर माझ्या बाजूने उभे राहतील.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "एक वर्ष म्हणजे काय रे? मी तेरा वर्षं एकाच वर्गाला शिकवतोय. जा परत. सरकारांचे पाय धर. अन्नदाते आहेत ते."

"मास्तर, मी पास झालो आहे."

"मग काय झालं?"

पास होण्यासारखी दुसरी गोष्ट जगात नाही, हे मला त्यांनीच शिकवले होते. पहाटे बोलावून, थंडीत, कान पिळून शिकवले होते.

"उलट बोलण्यासाठी शिकवलं का तुला मी?" ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा घेऊन मी सरकारांकडे गेलो तर ते मला दारात तरी उभं करतील का?"

मी नमस्कार करून निघालो.

आबा पागेत होते. घोडीला खरारा करत होते. मी बोलत असताना त्यांचा हात चालूच होता. मी थांबलो तेव्हा थांबला.

"त्याला येत नव्हतं म्हणून तुला उभं करायचे?"

"हो."

"वर्षभर?"

"हो."

"आणि तुला येत होतं."

"हो आबा."

त्यांनी घोडीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, कॉलेजात तुला बाकावर बसवतात."

मी म्हणालो, "मला तुमचा अंगठा पाहिजे. पालक म्हणून. पण त्याचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. त्यांनी खरारा खुंटीला अडकवला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कचेरीत बाबूंनी त्यांना बसायला सांगितले नाही. आबा म्हणाले, "मैं इसका बाप हूँ, साहब." बाबूंनी अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "होगे. काग़ज़ पर तो नहीं हो."

शेजारचे दोघे कारकून हसले. आबाही थोडेसे हसले, कारण साहेब लोक हसले की हसायचे ही त्यांची सवय होती. ते हसू मी जन्मात विसरणार नाही.

आम्ही तीन दिवस प्रिन्सिपलसाहेबांच्या दाराबाहेर थांबलो. पट्टेवाला हाकलायचा. आम्ही पायरी उतरायचो आणि पुन्हा चढायचो. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर आले तेव्हा मी वामनराव मास्तरांनी शिकवलेल्या इंग्रजीत सांगितले की हा माणूस माझा बाप आहे, त्या कागदावरचा माणूस माझा बाप नाही, आणि मी पास झालो आहे. साहेबांनी माझे गुण मागवून पाहिले. बाबूंना विचारले, हे खरे आहे का? बाबूंना हो म्हणावे लागले. साहेबांनी आबांचा अंगठा घ्यायला सांगितले. आबांनी एवढ्या जोराने अंगठा दाबला की शाई फुटून बाहेर पसरली.

दाखला मिळाला. चालचलनाचा रकाना बाबूंनी भरला होता. एकच शब्द. उद्दंड.

तो कागद घेऊन मी आग्र्याला निघालो. चंबळ ओलांडली, धौलपूर मागे पडले. तिथे सरदारांना कोणी ओळखत नव्हते. नव्या कॉलेजातल्या प्रोफेसरांनी दाखला वाचला आणि विचारले, "क्या किया था?" मी सांगितले. त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "विषय?" मी म्हणालो, गणित. पहिल्या वर्षाचे गणित मी शिकलेला नव्हतो, म्हणून त्यांनी आधी फळ्यावर चार उदाहरणे घातली. तीन मला आली. चौथे त्यांनी समजावून दिले आणि मला दुसऱ्या वर्षात घेतले. मी शिकवण्या केल्या, एका दुकानाच्या माळ्यावर राहिलो. मिळवलेले सगळे पैसे फीत आणि गणिताच्या पुस्तकांत घातले.

तिकडे मी आग्र्याला पोहोचायच्या आधीच आबांना पागेतून काढले होते. हे मला फार नंतर कळले, दुसऱ्या एका मोतद्दाराकडून. सरदार स्वतः आले नाहीत. कारभारी आले. त्यांनी सगळ्या नोकरांना अंगणात जमवले आणि सगळ्यांसमोर आबांच्या डोक्यावरचे पागोटे उतरवून घेतले. का, तर ते सरकारी होते. अंगरखाही उतरवायला लावला. तोही सरकारी होता. तीस वर्षे त्या घोड्यांमागे पळालेला माणूस भर बाजारातून बोडक्याने, उघड्या अंगाने गेला. ओळखीच्या लोकांनी दुकानांतून तोंडे फिरवली. आबांनी मला यातले एक अक्षर कळवले नाही. कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पत्रात एवढेच होते की मी आता लष्करला टांग्याच्या अड्ड्यावर असतो, घोडी बरी आहेत, तू नीट जेव.

मी बी. ए. झालो. गणित घेऊन. निकाल लागला त्या महिन्यात वामनराव मास्तरांचे पत्र आले. तीन वर्षांनी. त्यांनी आशीर्वाद दिले होते. पुढे लिहिले होते की सरदारसाहेबांच्या कानावर ही बातमी गेली आहे, ते मोठ्या मनाचे आहेत, "हा आमचाच विद्यार्थी" असे ते चारचौघांत म्हणाले. येत्या दसऱ्याला कोठीवर येऊन मुजरा कर, नारळ ठेव, झाले गेले विसरून ते तुला सबलगडच्या शाळेत लावून देतील. शेवटी लिहिले होते, उपकार विसरू नये.

मी त्याच दिवशी उत्तर टाकले. ते असे:

गुरुवर्य वामनराव मास्तर यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले पत्र पोहोचले. आशीर्वाद डोक्यावर घेतले.

मी कोठीवर येणार नाही. या दसऱ्याला नाही आणि पुढच्याही नाही. सरदारांनी लावून दिलेली नोकरी मला नको. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी त्यांच्या मुलाची शिक्षा होतो. हे कोणी चारचौघांत विचारले तर आपण खुशाल सांगावे, माझे नाव घेऊन सांगावे.

मी उपकार विसरलेलो नाही. आपण मला शिकवले नसते तर मी आज लगाम धरून पळत असतो. पण आपणच मला त्या घरात नेऊन सोडले आणि मी पळून आलो तेव्हा परत जा म्हणालात. दोन्ही खरे आहे. एकासाठी दुसरे पुसून टाकायला मला जमत नाही, आणि आपणही तसे सांगू नये. आपल्याला दोष देत नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. देतो.

आणखी एक लिहायचे आहे. सात वर्षे मी शाळा सुटल्यावर आपल्या ओसरीवर बसून शिकलो. संध्याकाळी आबा मला न्यायला येत आणि फाटकाबाहेर थांबत. पाऊस असला तरी बाहेरच. आपण त्यांना कधी आत या म्हणाला नाहीत. मला तेव्हा ते दिसले नाही. आता दुसरे काही दिसत नाही.

दिवाळीत मी सबलगडला येणार आहे. आपल्या पाया पडायला येईन, फक्त आपल्या. आबा माझ्याबरोबर असतील. त्यांना आत, माझ्या शेजारी पाटावर बसवून जेवू घालायचे असेल तर दार उघडावे. नसेल तर बंदच राहू द्यावे. मी हाक मारणार नाही.

आपला विद्यार्थी